जिना नसलेल्या इमारतीतला फुटबॉल

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आम्ही काही मित्र दरवर्षी पुस्तकांचा स्टॉल लावतो. वीस वर्षांपेक्षा जास्त झाली. दोन टेबलं, वर ताडपत्री, समोर चैत्यभूमीकडे सरकणारी रांग आणि पायाखाली पार्कची ती प्रसिद्ध लाल माती. संध्याकाळपर्यंत पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तिचा थर बसतो, तो फडक्याने पुसत बसायचं हे माझं काम.

परवाच्या ६ डिसेंबरला, म्हणजे २०२५ च्या, संध्याकाळी माझा पुतण्या स्टॉलवर आला. वय वर्षं वीस. फुटबॉल खेळतो, डाव्या बगलेचा बचावपटू. एका क्लबच्या राखीव संघात त्याला दीड वर्षापूर्वी घेतलं होतं. क्लबचं नाव मी लिहीत नाही, त्याचं पुढचं सगळं अजून त्याच लोकांच्या हातात आहे. आल्या आल्या फडकं माझ्या हातून घेतलं आणि पुस्तकं पुसता पुसता म्हणाला, "काका, तीन महिने झाले, मानधन नाही. विचारलं तर सांगतात, लीगच होणार की नाही ते ठरलेलं नाही, मग पैसे कुठून देऊ?"

मी त्याच्याशी बोलत होतो, तेवढ्यात स्टॉलवरचा एक ओळखीचा कार्यकर्ता हसून म्हणाला, "दादा, आज महापरिनिर्वाण दिन आहे. आज फुटबॉलच्या गप्पा?"

त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. गर्दी होती. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

मित्रांनो, आधी प्रकरण समजून घेऊ. भारतीय फुटबॉल महासंघाने ८ डिसेंबर २०१० रोजी देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क एका खासगी कंपनीला दिले. मुदत १५ वर्षांची, रक्कम ७०० कोटी रुपये. आयएमजी आणि रिलायन्स यांची ती जोडकंपनी. पुढे याच व्यवस्थेतून २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. सिनेनट, क्रिकेटपटू, उद्योगपती असे आठ संघांचे मालक मंडपात आणून बसवले गेले. मुंबईच्या वाट्याला मुंबई सिटी आली. १५ वर्षं कधी संपणार हे करार झाला त्याच दिवशी कागदावर लिहिलेलं होतं. तरीही शेवटचं वर्ष उजाडलं तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात, नव्या कराराचा पत्ता नाही. जुलै २०२५ मध्ये कंपनीने लीग स्थगित केल्याचं क्लबांना कळवलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. महासंघाने नव्या हक्कांसाठी निविदा काढली, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. आणि ८ डिसेंबरला, आमचा स्टॉल आवरून दोन दिवस होतात न होतात तोच, जुना करार संपला.

डिसेंबरच्या अखेरीस मुंबई सिटीचा विदेशी मालकही निघून गेला. अबू धाबीच्या पैशावर उभा असलेला सिटी फुटबॉल ग्रुप, ज्याच्याकडे इंग्लंडचा मँचेस्टर सिटी आहे, त्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. सहा वर्षांत संघाने दोनदा लीगची ढाल आणि दोनदा चषक जिंकला. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. हे मी नाकारत नाही. अंधेरीच्या मैदानावर मी पुतण्याबरोबर जाऊन ओरडलोही आहे. पण लीगच्या भवितव्याची खात्री वाटेना तेव्हा त्या ग्रुपने आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा जुन्या मालकांच्या हाती गेला. मैदानात ओरडणाऱ्या आमच्यापैकी कुणालाही कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच काय? आम्ही तिकीट काढलं होतं, भाग नव्हे.

त्या दिवसांत समाजमाध्यमांवर एक सूर ऐकू आला. परका मालक असाच वागणार, आपला देशी मालक असता तर क्लब सोडून गेला नसता. हा सूर मला ओळखीचा वाटला. राज्य गोऱ्यांचं असण्यापेक्षा आपल्यांचं असावं, एवढ्यावर जेव्हा सगळा देश खूश होता, तेव्हा बाबासाहेबांनी विचारलं होतं की हे 'आपले' म्हणजे नेमके कुणाचे? सत्ता हस्तांतरित झाली म्हणून गावकुसाबाहेरच्याचं काय बदलणार? फुटबॉलमध्येही हाच प्रश्न विचारू. देशी मालक क्लब सोडून जात नाहीत का?

महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ राष्ट्रीय लीग जिंकलेला, फेडरेशन चषक जिंकलेला. २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुण्यात पिरामल उद्योगसमूहाचा पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम जगला. पुण्याचाच फ्रँचायझी संघ एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला. या यादीत एकही अरब किंवा इंग्रज मालक नाही. सगळे आपलेच.

आणि मुंबई एफसी. हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या तरुणांना तो क्लब आठवतही नाही. २००७ मध्ये एस्सेल समूहाने तो काढला. दुसऱ्या श्रेणीतून जिंकून वर आला आणि २००८ पासून आय-लीगमध्ये खेळला. कूपरेजवर त्याचे सामने असत. खालिद जमील यांनी २००९ पासून २०१६ पर्यंत हा संघ सांभाळला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत, तरी दरवर्षी हा माणूस संघाला खाली घसरू देत नव्हता. २०१६ मध्ये ते गेले. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला राहिला, खालच्या श्रेणीत घसरला आणि मालकांनी क्लबच गुंडाळला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. ऐझॉल हा आदल्या वर्षी स्वतःच घसरलेला संघ होता, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे जागा मिळून परत आला होता. तेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

मला या गोष्टीत एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. घसरणं ही खेळातली गोष्ट आहे. हरलात, खाली गेलात, पुन्हा जिंकलात, वर आलात. ऐझॉल घसरला आणि पुन्हा उभा राहिला. मुंबई एफसी घसरला आणि मेला. मेला तो हरल्यामुळे नव्हे. कंपनीच्या ताळेबंदात तो एक खर्चाची ओळ होता, आणि हरल्यावर ती ओळ खोडणं सोपं झालं म्हणून मेला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली होती. अनेक मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला जिना नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खालचा कितीही लायक असो, त्याला वर प्रवेश नाही आणि वरचा कितीही नालायक असो, त्याला खाली ढकलण्याची कुणाची छाती नाही. ही उपमा आपण भाषणात शंभर वेळा वापरतो. आता ती सुपर लीगला लावून पाहा.

सुपर लीगमध्ये जागा मिळायची ती फ्रँचायझी शुल्क भरून. जिंकून नव्हे. तळाला राहिलं तरी खाली जाणं नाही. आणि खाली आय-लीग जिंकणाऱ्याला वर येणं नाही. ऐझॉल देशाचा विजेता झाला, तरी त्याला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं नाही. त्याच वर्षी बोली लावून, पैसे मोजून मात्र नवे संघ आत आले. गोव्यातले साळगावकर, स्पोर्टिंग आणि मग धेंपो हे जुने क्लब या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले, ते याच कारणाने. खालून जिंकून वर चढणारा पहिला क्लब पंजाब एफसी, तोही २०२३ मध्ये. म्हणजे लीग सुरू झाल्यावर नऊ वर्षांनी जिन्याची पहिली पायरी बांधली गेली. वरून खाली येण्याची पायरी तेव्हाही बांधली नाही. वरच्यांचं स्थान अढळ ठेवून खालच्यातल्या एखाद्याला आत घ्यायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक ठिकाणी जात आणता, मैदानात जात नसते. मैदानात जात नसते असं म्हणणाऱ्याने पळवणकर बाळू यांचं चरित्र वाचावं. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता गोलंदाजी शिकलेला हा चर्मकार समाजातला माणूस. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या हिंदू संघात असताना संघातले सवर्ण त्यांनी टाकलेला चेंडू अडवत, झेलत होते, पण चहा त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात मिळत होता. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते मिळवायला त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साल उजाडावं लागलं. बळी चालतात, कप्तानी चालत नाही. घाम चालतो, मालकी चालत नाही.

आमच्या घरात हे वाक्य मला वेगळ्या मार्गाने शिकायला मिळालं. माझे वडील गिरणीत होते, रिंग खात्यात. त्यांच्याही आधीच्या पिढीला विणाई खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. पण धोट्यात नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी विणाई खात्याचं दार उघडा, असं त्यांनी पुढाऱ्यांना तोंडावर सांगितलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लहान होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील रोज सकाळी डबा न घेता निघत आणि दुपारी परत येत. पुढे गिरणी उघडली, पण वडिलांना परत घेतलं नाही. त्यांचा शेवटचा हिशेब मिळायला किती वर्षं लागली ते सांगत नाही, पण मिळाला तेव्हा तो घ्यायला आई गेली, कारण वडील नव्हते. आज त्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे. पुतण्याने "पैसे कुठून देऊ" हे वाक्य सांगितलं तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत ते शब्द मी ऐकले होते. माल बदलला, कापडाच्या जागी खेळ आला. हिशेब तोच राहिला. नफा झाला तर मालकाचा, तोटा झाला तर कामगाराचा.

आणखी एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. एके काळी मुंबईत फुटबॉल खेळणारा पोरगा रेल्वेत, बँकेत, एअर इंडियात लागायचा. खेळ संपला तरी नोकरी राहायची. गुडघा गेला तरी घर चालायचं. आमच्या चाळीतल्या दोन जणांनी अशा नोकरीवर मुलांची शिक्षणं केली. २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन संघांना क्लब परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळलं गेलं. कारण काय, तर ते 'व्यावसायिक' क्लब नव्हते! आता बारा वर्षांनी बघा, व्यावसायिक म्हणवणारे पगार थांबवून बसले. सरकारी संस्थेतली सुरक्षित नोकरी जाऊन तिथे कंत्राट आलं, की सर्वांत आधी कुणाचं पोर उघड्यावर पडतं, हे या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मग उपाय काय? मालकाला शिव्या देऊन आपलं काम संपत नाही. जगात दुसरी रीत आहे. स्वीडनमध्ये नियम असा की क्लबमधली ५१ टक्के मतं सभासदांच्या संस्थेकडेच असली पाहिजेत. जर्मनीतही थोड्या अपवादांसह तसाच नियम आहे. बाहेरचा पैसा येऊ शकतो, पण अखेरचा शब्द वर्गणी भरणाऱ्या सभासदाचा. म्हणून तिथले सगळे क्लब सुखात आहेत असं नाही. तिथेही संघ घसरतात, कर्जात जातात, नियमाला वळसा घालू पाहणारे गुंतवणूकदार येतात. पण सभासद असलेला क्लब घसरला तर खालच्या श्रेणीत खेळत राहतो. त्याला कुणी एका सहीने बंद करू शकत नाही. उलट बाजूही पाहा. सिटी ग्रुपच्याच मालकीचा फ्रान्सचा ट्रॉय हा क्लब २०२३ मध्ये पहिल्या श्रेणीतून घसरला, म्हणजे श्रीमंत मालक असला की घसरण टळते असंही नाही.

माझं मागणं साधं आहे. लीगमध्ये जिना बांधा, वर जायचा आणि खाली यायचाही. हंगामाआधी प्रत्येक मालकाकडून खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या पगाराची रक्कम अनामत घ्या, राखीव आणि कुमार संघांसह. क्लबच्या कारभारात सभासदांना मताचा हक्क द्या. आणि शिवाजी पार्कसारखी सार्वजनिक मैदानं सार्वजनिक ठेवा. राजकीय लोकशाहीखाली सामाजिक आणि आर्थिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. मैदान त्याला अपवाद कसं असेल?

इथे लेख संपवता आला असता. पण एक कबुली दिल्याशिवाय मला तो संपवता येत नाही.

आमच्या चाळीचाही एक संघ होता. नव्वदच्या दशकात. मी त्याचा खजिनदार होतो. दर घरी दहा रुपये वर्गणी, वहीत नोंद, महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेबाचं वाचन. बूट सगळ्यांना नव्हते, पण संघ आमचा होता. मग एका स्थानिक पुढाऱ्याने हात पुढे केला. नवे जर्सी, नवे बूट, स्पर्धेला मोठं बक्षीस, वर त्याच्या फोटोचा बॅनर. पोरं खूश. मीच म्हणालो, आता दारोदार वर्गणी कशाला मागायची? वही बंद केली. तीन वर्षांनी पुढाऱ्याने पक्ष बदलला, वॉर्ड बदलला, आणि पैसे थांबले. आम्ही पुन्हा वर्गणी मागायला गेलो तेव्हा एका मावशींनी दारातच विचारलं, "तीन वर्षं आमची आठवण नाही आली, आता कशाला आलास रे बाबा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभरात संघ मोडला.

तो संघ कुठल्या भांडवलदाराने मोडला नाही, मी मोडला. फुकटचे बूट आले त्या दिवशी आम्ही आमची मालकी देऊन टाकली होती, आणि ते आम्हाला कळलंही नव्हतं. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या संस्था गरिबांच्या आण्या-रुपयांतून उभ्या राहिल्या, हे मी स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. स्वतःच्या संघाच्या बाबतीत मात्र विसरलो. ६ डिसेंबरला लाखोंची रांग लावायला कुठलाच मालक लागत नाही. लोक स्वतःच्या पैशाने येतात, भाकरी बांधून आणतात, पुस्तक विकत घेऊन जातात. म्हणूनच ती रांग कुणाला बंद करता येत नाही.

तेव्हा त्या कार्यकर्त्या मित्राला माझं उत्तर हे. महापरिनिर्वाण दिनी फुटबॉलबद्दल बोलायलाच हवं होतं. मालकी कुणाची आणि जिना कुठे आहे, हे दोन प्रश्न बाबासाहेबांनी आपल्याला दिले. ते आपण गाव, गिरणी, विद्यापीठ, सचिवालय सगळीकडे विचारले. मैदान राहून गेलं.

पुतण्याचं मानधन हे लिहीपर्यंत आलेलं नाही. चाळीच्या पटांगणाला पुनर्विकासाचे पत्रे लागलेत, म्हणून तो आणि चाळीतली चौदा-पंधरा पोरं रविवारी सकाळी टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्कात येतात. क्रिकेटच्या नेट्स टाळून एका कोपऱ्यात खेळतात. मागच्या रविवारी मी कट्ट्यावर बसलो होतो. खेळ संपल्यावर त्याने एक नवी वही माझ्यापुढे धरली. पोरांनी महिना पन्नास रुपये ठरवलेत.

"काका, खजिनदार व्हाल?"

मी नाही म्हणालो. खजिनदार त्यांच्यातलाच एक हवा. मी पहिलं नाव सभासद म्हणून लिहिलं, पन्नास रुपये दिले आणि पावती मागून घेतली.

जय भीम.